उजव्या कौलाचं रेकॉर्डिंग

रत्नागिरीत मला नावाने ओळखणारी माणसं कमी. ‘नेटवाले’ म्हटलं की मी. त्याआधी काही वर्षं मी ‘केबलवाले’ होतो, आणि त्याच्याही आधी, एका गाळ्यात कॉम्प्युटर क्लास चालवत होतो तेव्हा, ‘सर’ होतो. म्हणजे धंदा वाढत गेला तसा मान कमी होत गेला. आता कारभार मुलगी बघते आणि माझ्याकडे फक्त तक्रारी ऐकायचं काम आहे. त्याला अनुभव लागतो, असं ती म्हणते.

बऱ्याच लोकांना वाटतं की इंटरनेट आकाशातून येतं. ते केसाएवढ्या बारीक काचेच्या धाग्यातून, उजेडाच्या रूपात येतं. धाग्यावर काळं आवरण असतं, आणि हे सगळं शहरापासून गिऱ्हाइकाच्या ओटीपर्यंत सलग पोचवायचं एवढाच माझा धंदा. देशावर चर खणून केबल पुरतात. आमच्याकडे वीतभर माती काढली की खाली जांभा दगड लागतो, आणि जांभा फोडायचा तर घर बांधण्याएवढा खटाटोप. म्हणून आम्ही केबल खांबावरून नेतो आणि खांब संपले की आंब्या-फणसावरून. त्यामुळे माझे शत्रूही वेगळे. वानरांना केबल खायची नसते, त्यांना तिच्यावर झोका घ्यायचा असतो. माडाची झावळ पडते. पावसाळ्याआधी फांद्या तोडायला झाडावर चढलेला गडी कोयत्याच्या एका घावात फांदी, केबल आणि अर्ध्या वाडीचं नेट खाली आणतो आणि वरून विचारतो, “ही काळी वेल कसली हो?”

‘नेट गेला’ या दोन शब्दांत गिऱ्हाईक काहीही कळवतं. टीव्हीच्या रिमोटचा सेल संपला तरी नेट गेला, वीज गेली तरी नेट गेला. गणपतीपुळ्याकडच्या एक बाई पर्यटकांना खोल्या देतात. त्यांनीही एकदा नेट गेल्याची तक्रार केली. जाऊन पाहिलं तर नेट ठणठणीत होतं. बुकिंगचं खातं बंद पडलं होतं, आणि ते उघडायचा सांकेतिक आकडा मुलाच्या मोबाईलवर जात होता. मुलगा बोटीवर, बोट समुद्रात. आमच्याकडे कुठलाही नंबर विचारला की कमावत्या मुलाचा देतात, आणि कमावता मुलगा एक तर मुंबईत असतो किंवा बोटीवर. घराला कुलूप घालून किल्ली जहाजावर पाठवायचा हा प्रकार आहे. बोट बंदराला लागेपर्यंत बाईंनी आलेल्या पाहुण्यांची नावं कॅलेंडरच्या मागे लिहिली. तेव्हापासून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, जो माणूस घरात असतो त्याचा नंबर द्या. सगळे मान डोलावतात आणि मुलाचा देतात.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढच्या हकिगतीत ती लागेल. इंटरनेटला दोन वाटा असतात. एक आपल्याकडे येणारी, एक आपल्याकडून जाणारी. सिनेमा पाहिला तर तो येणाऱ्या वाटेने येतो. आपलं तोंड दुसऱ्याला दाखवायचं तर ते जाणाऱ्या वाटेने जातं. लोक पाहतात फार आणि दाखवतात कमी, म्हणून येणारी वाट रुंद ठेवतात आणि जाणारी अरुंद. कोकणातल्या माणसांचं याच्या बरोबर उलट आहे. त्यांची मुंबईला जायची वाट रुंद आणि परत यायची अरुंद.

त्या अरुंद वाटेने परत आलेल्या एक बाई म्हणजे सुनंदाकाकी.

गावाचं नाव मी लिहीत नाही. मालगुंडच्या पुढे, आतल्या अंगाला आहे एवढं पुरे. गाव अजून माझं गिऱ्हाईक आहे. काकींनी मुंबईच्या एका हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरी केली. डॉक्टर, नातेवाईक, रक्तपेढी, सगळ्यांचे फोन त्यांच्या हातून जोडले जायचे. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, निवृत्तीनंतर त्या गावी आल्या आणि वरच्या वाडीच्या टोकाला असलेलं सासरचं बंद घर त्यांनी उघडलं. गावाने त्यांना पावसाळाभरात परत जातील असं धरलं होतं. त्या गेल्या नाहीत. उलट माझ्याकडे येऊन त्यांनी वरपर्यंत केबल मागितली. मी म्हटलं, एका घरासाठी एवढी झाडं चढायला परवडत नाही. त्या म्हणाल्या, “मी एकटी राहते. फोन लागला नाही तर मी आहे की गेले हे तुम्हाला तरी कसं कळणार?” मी केबल टाकली.

आता त्या घराची अडचण. शिमग्यात ग्रामदेवाची पालखी गावात घरोघरी जाते, पण एका कुटुंबाच्या एकाच घरी. ज्या घरी पालखी जाते ते घर गावचं, इतका सरळ हिशोब आहे. मुंबईला असलेले चाकरमानी रजा मिळो न मिळो, त्या दिवशी दार उघडायला येतात. काकींचं घर त्या कुटुंबातलं थोरलं घर. पूर्वी कुटुंबाची पालखी तिथे जायची. ते घर बंद पडलं तेव्हा मान खालच्या वाडीतल्या धाकट्या घराकडे आला, म्हणजे काकींचे चुलत दीर दत्तारामभाऊ यांच्याकडे. दत्तारामभाऊ मुंबईत असतात आणि गावाच्या मुंबई मंडळाचे अध्यक्ष आहेत. देवळाच्या छपरापासून घंटेपर्यंत सगळं त्यांनी खपून करवून घेतलेलं. माणूस खोटा नाही, पण त्यांच्यासमोर खुर्ची जराशी तिरकी ठेवली तरी ते उठून सरळ करतात.

काकींनी गावकीच्या बैठकीत विचारलं, “घर उघडलंय. पालखी येईल का?”

कोणी म्हणालं, वाट चढणीची आहे. कोणी म्हणालं, त्या घरात पालखीला खांदा द्यायला पुरुष नाही. ओवाळणार कोण, हे कोणी मोठ्याने बोललं नाही, पण विधवा बाईच्या घरी हाच खरा प्रश्न होता. मुंबईहून दत्तारामभाऊंनी कळवलं की इतकी वर्षं चाललेली रीत एका माणसाच्या सांगण्यावरून बदलता येणार नाही. मग असं ठरलं की देवालाच कौल लावायचा.

कौल म्हणजे देवाला प्रश्न विचारायची रीत. गुरव मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. उजवी म्हणजे देवाची उजवी, आपली नव्हे. मी या गोष्टी मानतो की नाही, असं मला पुष्कळ जण विचारतात. ज्या गावात देवळाचं कनेक्शन आपण दिलेलं आहे तिथे असल्या प्रश्नाला उत्तर देऊ नये.

शिमग्याला अजून अवकाश होता आणि दत्तारामभाऊंना तेवढ्यासाठी मुंबईहून येणं जमत नव्हतं. गुरवकाकांनी मात्र अट घातली की ज्यांचा प्रश्न, ती माणसं देवासमोर हजर पाहिजेत. तेव्हा गावच्या मंडळाचा सेक्रेटरी सुहास म्हणाला की मुंबईकरांना फोनवरून व्हिडिओने बोलावू. मला त्यासाठी देवळापर्यंत केबल न्यायला सांगितलं. मी सभामंडपाच्या तुळईला राउटर बांधला आणि कौलाच्या दिवशी, जाणारी वाट पुरेल ना, हे बघायला स्वतः जाऊन उभा राहिलो.

सुहासने गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी स्टँडवर फोन लावला. पडद्यावर दत्तारामभाऊ आणि मुंबई मंडळाची माणसं दाटीवाटीने बसलेली. फोनचा मागचा कॅमेरा देवाकडे होता आणि पडदा आमच्याकडे. सगळे लावतात तसाच लावला होता. गुरवकाकांनी वाकून नीट पाहिलं.

“मुंबईवाल्यांना देव दिसतो काय?”

“दिसतो,” सुहास म्हणाला.

“आणि देवाला ते?”

फोनची पाठ देवाकडे होती. मुंबईकरांची तोंडं देवाकडे नव्हती, आमच्याकडे होती.

“देवाकडं पाठ करून कौल मागतात काय? फिरव तो,” काका म्हणाले.

सुहासने फोन फिरवला. आता पडदा देवाकडे, मुंबईकर देवासमोर हजर. साहजिकच मागचा कॅमेरा आमच्याकडे आला, म्हणून त्याने बटण दाबून पडद्याच्या बाजूचा, आपण स्वतःचे फोटो काढतो तो कॅमेरा सुरू केला. सगळ्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं. चुकलं ते इथेच, पण पडदा देवाकडे असल्यामुळे त्यावर काय दिसतंय ते आमच्यापैकी कोणालाच दिसत नव्हतं, आणि देव सांगणार नव्हता.

गाऱ्हाणं सुरू झालं. थोरल्या घराचं दार उघडलंय, त्या दारात तुझी पालखी न्यायची की धाकट्या घरी आहे तशी ठेवायची, सांग महाराजा. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक टप्प्याला सगळ्यांनी ‘होय महाराजा’ म्हणायचं असतं. गाव म्हणायचं आणि मग श्वासभर थांबून फोनमधून मुंबईचं ‘होय महाराजा’ यायचं. आवाज मुंबईला जाऊन परत यायला तेवढा वेळ घेतोच. काका दर वेळी हात वर करून गावाला थांबवायचे. “मुंबईवाले मागनं येतायत. येऊ देत.”

काकी सभामंडपाच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. पुढे या म्हटलं तरी आल्या नाहीत.

पाकळी पडली. उजवी. मी पाहिली, गुरवांनी पाहिली, सभामंडपातल्या सगळ्यांनी पाहिली. “उजवा दिलान!” असा एकच आवाज झाला, आणि त्याच गडबडीत वीज गेली. राउटर बंद, मुंबई बंद. ही आमच्याकडची नेहमीची गोष्ट म्हणून कोणी लक्षही दिलं नाही. काकींनी देवाला हात जोडले आणि मग गुरवांच्या पाया पडल्या. बाहेर पडताना त्या मला म्हणाल्या, “चुना लावायला माणूस मिळेल का हो इथे कोणी?”

वीज आली तेव्हा गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाखाली एक दोन निरोप होते. सुहासचा: ‘देवाने उजवा कौल दिला.’ आणि दत्तारामभाऊंचा: ‘डावा कौल. देवाची इच्छा. पालखी नेहमीप्रमाणे.’

पुढचे काही दिवस त्या ग्रुपवर जे चाललं ते इथे देत नाही. थोडक्यात एवढंच की मुंबईकरांकडे रेकॉर्डिंग होतं, आणि त्यात डावी पाकळी पडलेली स्वच्छ दिसत होती. गाववाल्यांकडे फक्त डोळे होते. मुंबईकर म्हणाले, डोळे चुकतात, रेकॉर्डिंग चुकत नाही. गाववाले म्हणाले, आम्ही देवळात होतो आणि तुम्ही चाळीत. वीज नेमकी तेव्हाच कशी गेली, असंही एकाने विचारलं. सुहासने पुन्हा कौल लावायचं सुचवलं, त्यावर गुरवकाका भडकले.

“एकदा दिलेला कौल परत इचारायचा नाय. त्याला काय खोटा पाडायचा हाय?”

म्हणजे जे झालं ते एकदाच झालं होतं, आणि काय झालं यावर दोन मतं होती. वाद मिटेपर्यंत पालखी नेहमीसारखी धाकट्या घरीच जाणार होती.

मी दत्तारामभाऊंना फोन केला. माझा पहिला संशय साधा होता. पडद्यावर बघताना आपली उजवी आणि देवाची उजवी यांत गल्लत झाली असेल. तसं मी त्यांना जपून विचारलं.

“नेटवाले,” ते म्हणाले, “मी त्या देवळात रांगलोय. देवाची उजवी तुम्ही मला शिकवू नका. रेकॉर्डिंग पाठवतो, स्वतः बघा.”

त्यांनी पाठवलं. मी ते पाहिलं आणि खरं सांगतो, घाबरलो. ज्या पाकळीला मी माझ्या डोळ्यांनी उजवीकडून पडताना पाहिलं होतं, ती डावीकडून पडत होती. दुसऱ्यांदा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं. तोपर्यंत मला माझ्याच डोळ्यांची खात्री वाटेनाशी झाली होती. आयुष्यभर लोकांच्या घरात पडदे पोचवले, त्याचा परिणाम बहुतेक.

तेवढ्यात काकींची तक्रार आली. नेट गेलं. मी गेलो. नेट चालू होतं. त्यांनी मला ओटीवर बसवून कोकम सरबत दिलं. भिंतींना चुना झाला होता, अंगण सारवलेलं होतं, दाराला नवी चौकट होती.

“चुना परत काढता येत नाही,” त्या म्हणाल्या, “नाहीतर काढला असता.”

मी काहीतरी धीराचं बोललो.

“मला भांडायचं नाही हो. दत्ताराम लहान होता तेव्हा याच ओटीवर माझ्या हातचं जेवलाय. आता तो म्हणतो डावा, हे म्हणतात उजवा. मी पाहिला तो उजवा. पण माझं पाहिलेलं कोण धरणार? ज्याचं काम अडलंय त्याची साक्ष धरत नाहीत.” मग नव्या चौकटीकडे बघत त्या म्हणाल्या, “जन्मभर दुसऱ्यांचे फोन जोडले. आपल्या दारात एकदा देव यावा, एवढंच मागितलं होतं. जास्त मागितलं का?”

मला वाईट वाटलं. गिऱ्हाइकाच्या घरात बसून वाईट वाटून घेण्याची माझी पद्धत नाही, पण वाटलं. मी सरबत संपवलं आणि राउटर उगाच बंद करून चालू केला.

ऑफिसात येऊन ते रेकॉर्डिंग मी मोठ्या पडद्यावर लावलं. पाकळीकडे पाहून काही कळणार नव्हतं, म्हणून तिच्याभोवती काय काय आहे ते बघत बसलो. मूर्ती, समई, गुरवकाकांचा हात, आणि वरच्या कोपऱ्यात गाभाऱ्यातल्या खांबावरचं घड्याळ. मुंबई मंडळाने भेट दिलेलं, वर आकडे नसलेलं, नुसत्या रेघांचं फॅशनेबल घड्याळ. सेकंदकाटा फिरत होता. उलटा फिरत होता.

आता हे समजावून सांगतो. माणसाला स्वतःचं तोंड आरशात पाहायची सवय असते. म्हणून पडद्याच्या बाजूचा कॅमेरा आपल्याला आपलं चित्र आरशासारखं उलटवून दाखवतो, नाहीतर केस विंचरताना हात भलतीकडे जातो. बहुतेक वेळा हे उलटवणं फक्त आपल्यापुरतं असतं आणि पलीकडच्याला सरळ चित्र जातं. पण काही फोनांच्या सेटिंगमध्ये एक खूण असते, ती चालू राहिली की पलीकडेही आरशातलंच चित्र जातं. मी स्कूटर काढून सुहासकडे गेलो आणि त्याच्या फोनवर ती खूण तपासली. चालू होती. त्याच फोनवरून मुलीला ऑफिसात व्हिडिओ लावला आणि पडद्याच्या बाजूचा कॅमेरा माझ्या स्कूटरच्या नंबरप्लेटसमोर धरला. “बाबा, सगळी अक्षरं उलटी आहेत,” ती म्हणाली. देवळात त्या दिवशी एक अक्षर जरी कॅमेऱ्यासमोर असतं तरी मुंबईकरांना लगेच कळलं असतं. पण गाभाऱ्यात अक्षर नव्हतं. देवाच्या दोन्ही बाजू सारख्या, समया सारख्या, घड्याळाला आकडे नाहीत.

ग्रुपवर मी हे सविस्तर लिहिलं. एका माणसाने हात जोडल्याचं चित्र टाकलं, एकाने गुलाबाच्या फुलासह शुभ सकाळ म्हटलं, आणि दत्तारामभाऊंनी लिहिलं, ‘आता देव उजवा की डावा ते नेटवाले सांगणार का?’ ग्रुपवर लिहिलेलं कोणी वाचत नाही हे मला धंद्यामुळे माहीत असायला हवं होतं. शिमग्याला ते गावी येईपर्यंत मी थांबलो.

आल्या दिवशी ते संध्याकाळी देवळात दर्शनाला गेले, तिथे मी त्यांना गाठलं. सोबत कोणी नव्हतं. मी रेकॉर्डिंग लावून फोन त्यांच्या हातात दिला.

“घड्याळ बघा.”

“काय बघू? चालू आहे.”

“कुठल्या बाजूला?”

त्यांनी फोनकडे पाहिलं. मग मान वर करून खांबावरच्या घड्याळाकडे. मग परत फोनकडे. असं त्यांनी बऱ्याच वेळा केलं. शेवटी ते सभामंडपाच्या पायरीवर बसले.

“म्हणजे,” ते म्हणाले, “इतके दिवस रोज सकाळी हे लावून मी उलट्या देवाला नमस्कार करत होतो.”

“असं काही नाही. देव सरळच होता. चित्र उलटं होतं.”

त्यांनी ते ऐकलं नसावं. देवळाच्या खालच्या अंगाला त्यांचं घर दिसतं. अंगणात मांडव घातला होता, दोऱ्याला पताका लावणं चालू होतं. ते तिकडे बघत राहिले.

“घरात सगळी आलीयत. सुना, नातवंडं. मांडव घातलाय,” ते म्हणाले.

मला त्यांचीही दया आली. त्या घराने इतकी वर्षं पालखी सांभाळली होती, ती काही चोरून नव्हे. आणि आता ती सोडून द्यायची, तीही एका सेकंदकाट्याच्या सांगण्यावरून. हे सगळं कळल्यावरही त्यांनी गप्प बसायचं ठरवलं असतं, तर कोणी काही करू शकलं नसतं. मुंबईकरांना मी जाऊन सांगितलं असतं तरी ते नेटवाल्याचं बोलणं झालं असतं.

त्यांनी माझा फोन परत दिला. “वैनीला बोललात काय?”

“नाही. ते तुमच्याकडे आहे.”

ते उठले, देवाला नमस्कार केला आणि खाली न जाता वरच्या वाडीची चढण चढायला लागले. ओटीवर त्यांचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. दोघांनीही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पालखीच्या दिवशी मी पुन्हा गावात होतो. ज्यांना येता आलं नव्हतं त्या मुंबईकरांनी थोरल्या घरून व्हिडिओ मागितला होता. वर चांगली लाईन एकाच घरात होती, आणि या वेळी फोन मी स्वतः लावणार होतो. अंगणाच्या कडेला स्टँड, मागचा कॅमेरा, खूण बंद. देवाला मुंबईकर दिसतात की नाही हा प्रश्न कोणी काढला नाही.

ढोल-ताशे आधी ऐकू आले, मग गर्दी दिसली. चढणीवर पालखीचा पुढचा खांदा दत्तारामभाऊंचा होता. वय झालेलं, धाप लागलेली, पण त्यांनी दुसऱ्याला दिला नाही. पालखी अंगणात आली, नाचली, ओटीवर टेकली. काकींनी सगळं तयार ठेवलं होतं, निरांजन, नारळ, ओटीचं सामान. आणि मग त्या स्वतः मागे सरून दाराच्या आत उभ्या राहिल्या आणि दत्तारामभाऊंच्या सुनेला हाक मारली. “ये गो, ओवाळ तू.”

सून ताटाकडे निघाली. दत्तारामभाऊंनी तिला हाताने थांबवलं.

“घर कोणाचा हाय?” त्यांनी विचारलं.

बायकांमध्ये कुजबुज झाली, मागच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी घसा खाकरला. काकी मान हलवून नको नको म्हणत होत्या.

“वैनी, घर तुजा हाय. तू ओवाळ.”

आणि एवढं बोलून त्यांची नजर माझ्या स्टँडकडे गेली. मुंबईत पडद्यासमोर किती माणसं बसली असतील आणि उद्या ग्रुपवर काय काय लिहितील, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? ते तडक माझ्याकडे आले.

“हे पहिला बंद करा.”

मी बंद केलं. काकी बाहेर आल्या. त्यांनी ताट उचललं तसं वाऱ्याने निरांजन विझायला आलं. गुरवकाका पुढे झाले आणि त्यांनी दोन्ही हातांचा आडोसा धरला. काकींनी देवाला ओवाळलं. ढोलवाले थांबले होते. म्हातारे गृहस्थ पुन्हा खाकरले नाहीत. काकी रडत होत्या आणि ते पुसायला त्यांचा एकही हात मोकळा नव्हता.

पालखी पुढच्या घराकडे वळली तेव्हा माझ्यासकट सगळ्यांचेच फोन वाजायला लागले होते. ग्रुपवर मुंबईकरांचे निरोप एकामागून एक येत होते. ‘काळं का झालं?’ ‘पालखी गेली का वर?’ ‘नक्की गेली का?’ ‘लाईट गेली का परत?’ ‘नेटवाले, रेकॉर्डिंग टाका.’

दत्तारामभाऊ अंगणाच्या दगडी गडग्यावर बसून घाम पुसत होते. त्यांनी खिशातून चष्मा काढला, फोन हातात घेतला आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत लिहिलं. मी माझ्या फोनवर ते उमटताना पाहिलं.

‘गेली. रेकॉर्डिंग नाही. मी तिथे होतो.’